छोटे देश टिकू शकले असते, पण त्यांनी आघाडी केली ती भलत्याच शत्रूविरुद्ध

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपवर जो लेख आला तो मी दोनदा वाचला. मेहनत घेऊन लिहिलाय त्याबद्दल लेखकांचे आभार, पण त्यातला मुख्य निष्कर्ष काही केल्या पटला नाही म्हणून हे पत्र. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं की चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया, बाल्टिक देश वगैरेंनी कितीही करार केले असते तरी जर्मनी आणि सोव्हिएत रशियापुढे त्यांचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं, त्यामुळे ते करार म्हणजे नुसती कागदं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि हा काळ माझ्या विशेष आवडीचा, आणि मला नेमकं उलटं वाटतं. टिकाव लागला असता, निदान १९३६ पर्यंत तरी तशी संधी होती. करार कमी पडले ते छोट्या देशांनी केले म्हणून नाही, तर ते चुकीच्या शेजाऱ्याला समोर ठेवून केले म्हणून.

लिटल आंतांतचंच बघा. १९२० आणि १९२१ मध्ये चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया (तेव्हाचं नाव सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य) यांनी एकमेकांशी तीन वेगवेगळे करार केले आणि त्यातून ही आघाडी उभी राहिली. हे करार कोणाविरुद्ध होते? हंगेरीविरुद्ध. जून १९२० च्या त्रियानों तहात हंगेरीचा जवळजवळ दोन तृतीयांश मुलुख गेला होता, त्यातला मोठा वाटा याच तिघांकडे आला होता, आणि हंगेरी तो परत मागणार ही भीती रास्तच होती. शिवाय हंगेरीचा पदच्युत हाब्सबुर्ग राजा कार्ल परत गादीवर येईल ही धास्ती. १९२१ मध्ये त्याने दोनदा प्रयत्न केला, दुसऱ्या वेळी ऑक्टोबरमध्ये चेक आणि युगोस्लाव्ह फौजांची जमवाजमव सुरू झाली आणि गडी थेट मदेइरा बेटावर हद्दपार झाला. म्हणजे आघाडीने ठरवलं तर काम होत होतं! लेखात या प्रसंगाचा उल्लेखच नाही याचं मला फार आश्चर्य वाटलं, कारण कागदी आघाडी असती तर कार्ल बुडापेस्टला राहिला असता.

पण खरा प्रश्न पुढचाच आहे. हंगेरीला १९२१ मध्ये धाक दाखवायला तीन देश लागत होते का? हंगेरीचं सैन्य तहानेच ३५ हजारांवर आणून ठेवलं होतं. आणि याच तीन देशांच्या करारांमध्ये जर्मनीचं नावही नाही, कारण रुमानियाला जर्मनीची भीती नव्हती, त्याला भीती होती पूर्वी रशियाकडे असलेल्या बेसारेबिया प्रांतावरून रशियाची. युगोस्लाव्हियाला भीती इटलीची. चेकांना जर्मनीची. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा मोठा शेजारी आणि करारात मात्र सगळ्यांच्या सोयीचा छोटा शेजारी, अशी सगळी तऱ्हा. १९३३ च्या फेब्रुवारीत जिनिव्हाला या तिघांनी संघटना करार केला, कायमची कौन्सिल, सेक्रेटरिएट, आर्थिक कौन्सिल सगळं आलं, हिटलर चॅन्सेलर होऊन तेव्हा पुरते तीन आठवडेही झाले नव्हते, आणि तरी त्यात मूळ मुद्दा बदलला नाही.

आता आकडे मांडते कारण लेखकांचा सगळा भर ताकदीवर आहे. १९३० च्या आसपासच्या जनगणनांप्रमाणे चेकोस्लोव्हाकियाची लोकसंख्या साधारण दीड कोटी, रुमानिया एक कोटी ऐंशी लाख, युगोस्लाव्हिया एक कोटी चाळीस लाख, आणि पोलंड तीन कोटी वीस लाख. बेरीज केली तर आठ कोटींच्या जवळ जाते, आणि त्याच सुमारास जर्मनी होता साडेसहा कोटींचा. रुमानियाकडे प्लोएश्तीचं तेल, युगोस्लाव्हियाकडे बोरच्या खाणीतलं तांबं, शिवाय बॉक्साइट, चेकांकडे प्लझेन्यची श्कोडा आणि ब्रनोचा बंदुकांचा कारखाना, पोलंडकडे कोळसा आणि मोठी फौज. (श्कोडा म्हणजे आपल्याकडे संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जिचा गाड्यांचा प्लांट आहे ती कंपनी त्याच घराण्यातली, आणि बाटासुद्धा चेकच, झ्लिन गावची. सांगायचं कारण एवढंच की हे कोणी भुकेकंगाल देश नव्हते.) जर्मनीला युद्ध चालवायला जे जे बाहेरून आणावं लागणार होतं त्यातलं बरंचसं या चौघांच्या जमिनीत होतं.

मग चौघं एकत्र का आले नाहीत? पोलंड कुठे अडला? इथे एका गावाकडे बोट दाखवावं लागतं. सिलेशियात ओल्झा नदीकाठी टेशेन नावाचं गाव आहे. आजूबाजूला पोलिश वस्ती बरीच, पण कोळशाच्या खाणी तिथे आणि बोहुमिनहून स्लोव्हाकियातल्या कोशित्सेकडे जाणारी रेल्वेही तिथूनच, त्यामुळे चेकांना ते हवंच होतं. जानेवारी १९१९ मध्ये चेक फौज आत घुसली, आणि जुलै १९२० मध्ये, पोलंड बोल्शेविकांशी जिवाच्या आकांताने झुंजत असताना, मोठ्या राष्ट्रांनी नदीवरून गावाचे दोन तुकडे केले. जुनं गाव पोलंडला, रेल्वे स्टेशन आणि खाणी चेकांना. आपण अडचणीत असताना शेजाऱ्याने डाव साधला ही गोष्ट पोलिश माणूस अठरा वर्षं विसरला नाही. चेकोस्लोव्हाकियाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बेनेश यांच्याबद्दल मला खूप आदर आहे, पण या बाबतीत ते कोत्या मनाने वागले असं माझं स्पष्ट मत आहे. दोन-चार खाणी सोडून दिल्या असत्या, रेल्वेचा वापर करारात बांधून घेतला असता, तर उत्तरेकडची सबंध बाजू सुरक्षित झाली असती. आणि पोलंडनेही तसंच केलं, लिथुआनियाकडून व्हिल्नियस शहर घेऊन बसला आणि तिकडचा दरवाजा कायमचा बंद करून टाकला.

भूगोलही अडचणीचा होता हे मान्य. चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया यांची सरहद्द कुठेच भिडत नव्हती, मध्ये हंगेरी आणि ऑस्ट्रिया. रुमानियाशी भिडत होती ती पार पूर्वेच्या टोकाला, कार्पेथियन डोंगरात. पण म्हणूनच तर पोलंड आत असणं जास्त गरजेचं होतं, आणि हंगेरीशीही काहीतरी तोडगा काढणं गरजेचं होतं.

दुसरी गोष्ट व्यापाराची, आणि ही मला करारांपेक्षा महत्त्वाची वाटते पण आपल्याकडे इतिहास लिहिताना ती हमखास गळते. १९२९ च्या मंदीनंतर धान्याचे भाव कोसळले. रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे शेतकऱ्यांचे देश, गहू-मका विकला तरच सरकार चालणार. त्यांचा मित्र कोण, तर कारखानदार चेकोस्लोव्हाकिया. मग त्याने ते धान्य घ्यावं ना? पण प्रागच्या सरकारांमध्ये शेतकरी पक्षाचं वजन फार मोठं होतं आणि आपल्या शेतकऱ्याचा भाव पडू नये म्हणून त्यांनी बाहेरच्या धान्याला दारं लावून घेतली. जिनिव्हाच्या आर्थिक कौन्सिलमध्ये ठराव होत राहिले आणि गहू तिकडे गोदामात पडून. १९३४ पासून जर्मनीने नेमकी ही फट हेरली. हिटलरचे अर्थमंत्री शाख्त यांनी जागतिक भावापेक्षा जास्त भाव देऊन धान्य उचलायला सुरुवात केली, फक्त पैसे रोख नाही, तर जर्मनीतल्या खात्यावर जमा, त्यातून जर्मन मालच घ्यायचा. आपल्याकडे कांद्याचा भाव पडल्यावर जो व्यापारी दोन पैसे जास्त देतो त्याच्याच दारात शेतकरी जातो, आणि पुढच्या हंगामात तोच व्यापारी अटी घालतो, तसंच झालं. तीस सालाचं दशक संपता संपता युगोस्लाव्हिया आणि रुमानियाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक जर्मनी झाला होता. मिलान होझा हे स्वतः त्याच शेतकरी पक्षाचे, ते पंतप्रधान झाल्यावर त्यांना हे उमगलं, त्यांनी १९३६ मध्ये डॅन्यूबकाठच्या देशांच्या आर्थिक सहकार्याची योजना मांडली, पण तोवर गाडी निघून गेली होती.

माझ्या मते खरा कलाटणीचा क्षण ७ मार्च १९३६. त्या दिवशी जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे फ्रान्सलगतच्या ज्या पट्ट्यात सैन्य ठेवायला तहाने बंदी होती तिथे, शिरलं आणि फ्रान्स गप्प बसला. फ्रान्सचे चेकोस्लोव्हाकियाशी, रुमानियाशी, युगोस्लाव्हियाशी, पोलंडशी सगळ्यांशी करार होते, पण त्या करारांचा अर्थच हा होता की जर्मनीने पूर्वेला हात घातला तर फ्रान्स पश्चिमेकडून ऱ्हाइनमध्ये घुसेल. तिथे तटबंदी उभी राहिल्यावर ते किती अवघड होणार हे बुखारेस्ट आणि बेलग्रेडमध्ये सगळ्यांना लगेच कळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुमानियाचा राजा कॅरोल याने तितुलेस्कूंना परराष्ट्रमंत्रिपदावरून काढलं, आणि लिटल आंतांतचा सगळ्यात खमका माणूस गेला. त्याच्या आधी, ऑक्टोबर १९३४ मध्ये, मार्सेमध्ये युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बार्थू एकाच हल्ल्यात गेले होते.

आणि आता जे सांगते ते लेखकांनी जरूर लक्षात घ्यावं. १९३६ च्या अखेरीला बेनेश आणि फ्रान्स या दोघांनी प्रस्ताव मांडला की लिटल आंतांतचा करार बदलूया, हल्ला कोणीही करो, हंगेरी असो नाहीतर जर्मनी, तिघांनी एकमेकांच्या मदतीला यायचं. म्हणजे मी वर जी चूक म्हणतेय तीच दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न होता, त्यांच्या त्यांनाच ती कळली होती. युगोस्लाव्हियाचे पंतप्रधान स्टोयादिनोविच यांनी तो मोडीत काढला आणि मार्च १९३७ मध्ये इटलीशी स्वतंत्र करार करून मोकळे झाले. हाच प्रस्ताव १९३३ मध्ये, जर्मनीकडे धड हवाई दल नव्हतं आणि एक लाखाची फौज होती तेव्हा मांडला असता तर? मला खात्री आहे की तेव्हा बेलग्रेडचं उत्तर वेगळं आलं असतं, कारण तेव्हा राजा अलेक्झांडर होता आणि ऱ्हाइनलँड मोकळं होतं.

१९३८ बद्दल लेखात बरंच आहे म्हणून मी थोडकंच लिहिते. २३ सप्टेंबरच्या रात्री प्राग रेडिओवरून जमवाजमवीचा हुकूम सुटला आणि लोक त्याच रात्री बॅगा घेऊन स्टेशनांवर हजर झाले, दहा लाखांवर माणूस उभा राहिला. सरहद्दीच्या डोंगरात काँक्रीटचे किल्ले होते. तिकडे जर्मनीत सेनापती लुडविग बेक यांनी हे युद्ध म्हणजे आपत्ती आहे असं सांगत ऑगस्टमध्येच राजीनामा दिला होता. आपले पंडित नेहरू त्याच ऑगस्टमध्ये प्रागला जाऊन आले आणि त्यांनी मँचेस्टर गार्डियनला पत्र लिहून ब्रिटनच्या धोरणावर सडकून टीका केली. ३० सप्टेंबरला म्युनिकमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीने चेकांना खोलीत न बोलावताच त्यांचा मुलुख जर्मनीला देऊन टाकला. हे सगळं माहितीचं आहे. जे माहितीचं नाही ते पुढचं, २ नोव्हेंबर १९३८ चं. त्या दिवशी व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेअर राजवाड्यात जर्मनीचे परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप आणि इटलीचे चियानो यांनी स्लोव्हाकियाचा दक्षिण भाग, कोशित्सेसकट, हंगेरीला दिला. हंगेरीने चेकोस्लोव्हाकियाचा मुलुख घेऊ नये एवढ्याच एका कामासाठी लिटल आंतांत जन्माला आलं होतं, आणि त्या दिवशी बुखारेस्ट आणि बेलग्रेड या दोघांनीही ब्र काढला नाही. मोठ्याचा बंदोबस्त केला नाही तर छोट्याचाही होत नाही, कारण छोटा मोठ्याच्या आडून येतो, हे तिथे उघड दिसलं.

परिणाम काय झाला? मार्च १९३९ मध्ये जर्मन फौज प्रागमध्ये आली आणि चेकांची सगळी शस्त्रं आयती हातात पडली. प्रागच्या कारखान्यात चेक सैन्यासाठी बनवलेले ३८ मॉडेलचे रणगाडे घेऊन रोमेलची सातवी पॅन्झर डिव्हिजन मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये घुसली. म्हणजे ज्या फ्रान्सने चेकांना वाऱ्यावर सोडलं त्याच्यावर चेकांचेच रणगाडे चालून आले. (आणि ब्रनोच्याच डिझाइनवरून इंग्लंडमध्ये झालेली ब्रेन गन आपल्या जवानांनी कित्येक दशकं वापरली.) लेखक म्हणतात की चेकांनी लढून काही फरक पडला नसता. निदान एवढा तरी पडला असता की हे रणगाडे जर्मनीला फुकट मिळाले नसते.

पोलंडचं काय झालं ते तर आम्हा कोल्हापूरकरांना डोळ्यांनी बघायला मिळालं. ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्युनिकनंतर लगेच, पोलंडने टेशेनचा उरलेला भाग बळकावला, जुना हिशेब चुकता केला. अकरा महिन्यांत पोलंडच नकाशावरून गेला, एका बाजूने जर्मनी आणि दुसऱ्या बाजूने रशिया. पूर्व पोलंडमधून रशियाने लाखो लोक सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले, त्यातले सुटलेले इराणमार्गे फिरत फिरत १९४३ मध्ये इथे वळिवड्याला आले. सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. शाळा, चर्च, दवाखाना सगळं त्यांचं त्यांनी उभं केलं आणि १९४८ पर्यंत राहिले, नंतर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे. मी वर्गात पोलंडचा धडा घ्यायची तेव्हा मुलांना आधी तिथे घेऊन जायची, कारण टेशेन कुठे आहे ते नकाशात शोधायला मुलं कंटाळतात पण वळिवडं सगळ्यांना माहीत असतं. त्या बायकामुलांनी टेशेन घेतलं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे, निर्णय वॉर्सातल्या परराष्ट्रमंत्री कर्नल बेकचा होता (वरचे जर्मन बेक वेगळे), भोगलं यांनी.

बाल्कन कराराबद्दल फार लिहीत नाही, तिथेही तीच चूक. फेब्रुवारी १९३४ मध्ये अथेन्सला ग्रीस, तुर्कस्तान, रुमानिया, युगोस्लाव्हिया यांनी सही केली, रोख सगळा बल्गेरियावर, आणि इटलीशी लढायची वेळ आली तर आम्ही बांधील नाही असं ग्रीसने स्वतःच सांगून टाकलं. ऑक्टोबर १९४० मध्ये इटलीनेच ग्रीसवर हल्ला केला आणि ग्रीस एकटा लढला. पण लढला, आणि इटालियन फौजेला अल्बेनियात मागे रेटत नेलं! एकटा छोटा देश हे करू शकतो तर चौघांनी मिळून काय केलं असतं.

बाल्टिकमध्ये जे झालं ते मला सगळ्यात जास्त लागतं. एस्टोनिया आणि लाटव्हियाचा संरक्षण करार १९२३ चा, पण लिथुआनियाला त्यात घेतलं नाही, कारण व्हिल्नियसवरून पोलंडशी तिचं भांडण आणि ते गळ्यात कोणाला नको होतं. सप्टेंबर १९३४ मध्ये तिघांचा करार झाला तो परराष्ट्र धोरणात एकमेकांचा सल्ला घेण्यापुरता, आणि त्यातही व्हिल्नियस आणि जर्मनीशी वाद असलेलं मेमेल बंदर हे प्रश्न बाजूला ठेवून. १९३९ च्या शरदात मॉस्कोने तिघांना एकेकटं बोलावलं, आधी एस्टोनिया, मग लाटव्हिया, मग लिथुआनिया, आणि दोन आठवड्यांच्या आत तिघांनीही आपल्या देशात रशियन लष्करी तळ द्यायला सह्या केल्या. जून १९४० मध्ये रशियाने तिन्ही देश घेतले तेव्हा आरोप काय ठेवला माहितीये? की तुम्ही आपसात रशियाविरुद्ध लष्करी आघाडी केलीत! जी आघाडी त्यांनी कधी धड केलीच नाही तिची शिक्षा त्यांना मिळाली. शेजारच्या फिनलंडची लोकसंख्या या तिघांच्या बेरजेपेक्षा कमी, त्याने तळ द्यायला नकार दिला, नोव्हेंबर १९३९ ते मार्च १९४० लढला, मुलुख गमावला, खूप माणसं गमावली, पण देश राहिला. फिनलंडला जंगलं आणि बर्फ होतं, बाल्टिक सपाट आहे, हे मला कळतं आणि म्हणून तिथेही तसंच झालं असतं असा दावा मी करत नाही. पण १९२२ मध्ये वॉर्सात फिनलंड, पोलंड, एस्टोनिया आणि लाटव्हिया यांनी एकत्र करारावर सह्या केल्या होत्या आणि हेलसिंकीच्या संसदेने तो मंजूर केला नाही, हेही लेखात यायला हवं होतं.

लेखमालेचा पुढचा भाग हंगेरीवर येणार असं खाली छापलंय. लेखकांना माझी विनंती आहे की त्यात एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. स्लोव्हाकियाच्या दक्षिणेचा जो पट्टा निव्वळ हंगेरियन बोलणाऱ्यांचा होता, तो वाटाघाटी करून विसाच्या दशकातच परत दिला असता, प्रागमध्ये काही जबाबदार माणसं तेव्हा तसा विचारही करत होती, तर बुडापेस्ट हिटलरच्या दारात गेलं असतं का? माझं उत्तर नाही असं आहे, कारण हंगेरीला जर्मनीबद्दल प्रेम नव्हतं, जमीन परत देणारा दुसरा कोणी भेटला नव्हता. लेखकांचं उत्तर वेगळं असेल तर ते पुराव्यानिशी वाचायला मला आवडेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर